चेपलेली कडी

३ फेब्रुवारी, सोमवार
परवाना आला! पॉइंट बावीसची रायफल, एकच, आणि अठ्ठावीस तारखेच्या आत घ्यायची. नाही घेतली तर परवाना रद्द, सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकवीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांना नंबर काढून देतेय. स्वतःसाठी मागितलेली ही पहिली वस्तू. नवरा म्हणाला, "आधी सुईत दोरा ओव, मग बंदूक धर!" हसून हसून पुरेवाट.

५ फेब्रुवारी
बंदुकांच्या दुकानात गेले आणि डोकं भणभणलं. नळी जाड की बारीक? दस्ता लाकडी की प्लॅस्टिकचा? दर गोळीला हाताने बोल्ट ओढायचा, की आपोआप भरणारी घ्यायची? दुकानदार गोड बोलतो आणि सगळ्यांनाच चांगलं म्हणतो. मला सगळ्याच घ्याव्याशा वाटल्या आणि एकही नको. कोपऱ्यात एक धूळ खात उभी — डावखुऱ्यांची, डाव्या खांद्याला लावून डाव्या डोळ्याने नेम धरायची, बोल्टही डावीकडे. "पाच वर्षं इथंच आहे. तिला कुणी विचारत नाही." बिचारी.

६ फेब्रुवारी
आमच्या नेमबाजी क्लबच्या कोचला सगळे घुबड म्हणतात — त्याची पापणीच लवत नाही. त्याला विचारलं. "बोल्टवाली घे. आपोआप भरणारी असली की माणूस विचार न करता घोडा दाबत सुटतो. हाताने ओढावं लागलं की मधे एक श्वास तरी घेतो."
पटलं. एक गोष्ट ठरली!

८ फेब्रुवारी, शनिवार
कसलं ठरलंय! क्लबच्या जाड नळीच्या रायफलीने दहा गोळ्या मारल्या. डावा डोळा मिटायचा, मागच्या भोकातून पुढची गोल कडी बघायची, कडीच्या मधोमध समोरचा काळा गोल धरायचा. एवढंच काम. पण कडी एका बाजूने चेपलेली! दहा गोळ्या दहा दिशांना. मग घुबडाने त्याच रायफलीने पाच मारल्या, सगळ्या मधे, एका नाण्याखाली झाकता येतील अशा. "कडी ठीक आहे." एवढंच बोलला. शहाणा कुठला!

९ फेब्रुवारी
नवऱ्याचा सल्ला: "लाल घे."

१३ फेब्रुवारी
दुकानात तिसरी खेप. हलकी धरून बघितली — कडी चेपलेली. लाकडी दस्त्याची घेतली — तीही चेपलेली. न राहवून म्हटलं, "अहो, तुमचा सगळा मालच वाकडा आहे!" तो पहिल्यांदाच गोड बोलला नाही. "बाई, कड्या यंत्रावर कापतात. वाकड्या कशा असतील?"
घरी सांगितलं तर नवरा म्हणतो, "नाचता येईना, अंगण वाकडं." दोन तास बोलले नाही त्याच्याशी. खरं सांगायचं तर न्हाणीघरात जाऊन रडले. उभ्या जन्मात एक हौस करायला निघाले, तर साधी वस्तू निवडता येईना. दिवस चाललेत. घुबडाला विचारावं तर तो मान हलवतो, कुठल्या बाजूला तेही कळत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आज एक आजोबा आले. डोळ्याच्या पडद्याची शंका वाटली, म्हणून चौकटींचा कागद काढला. आडव्या-उभ्या रेघा, मधे ठिपका. सहा-सात महिन्यांत लागला नव्हता. आधी करून दाखवलं: "डावा डोळा असा झाकायचा आणि रेघा सरळ आहेत का ते सांगायचं." दाखवता दाखवता बघते तर मधल्या रेघा वाकलेल्या. छपाई बिघडलेली! दुसरा कागद काढला, तोही तसाच.
"माफ करा आजोबा, गठ्ठाच खराब आलाय. रेघा वाकड्या आहेत."
त्यांनी एकेक डोळा झाकून नीट बघितलं. "नाही हो बाई. पट्टीने मारल्यासारख्या सरळ आहेत."
वाकड्या रेघा यांना सरळ दिसतात! मी घाबरून त्यांना डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी लिहून दिली. बिचारे, तोंड एवढंसं करून गेले.

१८ फेब्रुवारी
सकाळी डावा डोळा झाकून कपाटातला सगळा गठ्ठा तपासला. सत्तावीस कागद. सगळे वाकडे.
मग उजवा डोळा झाकून बघितलं. सगळे सरळ.
कितीतरी वेळ एकदा हा डोळा, एकदा तो डोळा, असंच करत बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बाहेर गिऱ्हाईक टकटक करत होतं. उठवेना.

२० फेब्रुवारी, गुरुवार
उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आहे. इंजेक्शनं घ्यायची. डॉक्टर म्हणाले, "आहे ती नजर टिकवू. पुन्हा सरळ दिसेलच, असं सांगत नाही." नवरा शेजारी बसला होता. एकही विनोद केला नाही त्याने. तेव्हा मी खरी घाबरले.
बाहेर आल्यावर आधी आजोबांना फोन केला, माफी मागितली. "म्हणजे माझ्या रेघा सरळच ना?"
"सरळच, आजोबा."
"आणि तुमच्या?"


२४ फेब्रुवारी
पहिलं इंजेक्शन झालं. पट्टी. नवऱ्याने सुईत दोरा ओवून माझं सुटलेलं बटण लावून दिलं. उलट्या बाजूला लावलं. तसंच घातलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार
बंदुकवाल्याला फोन केला. "ती कोपऱ्यातली आहे का अजून?"
"डावखुऱ्यांची? आहे की. कुणासाठी हवीय?"
"माझ्यासाठी," म्हटलं. "धूळ पुसून ठेवा. उद्या येते."