ट्रेबल कमी पडतोय

४ फेब्रुवारी
आजपासून रोज नोंद. संकल्प: एप्रिलपर्यंत माझ्या आवडत्या बँडची पाच गाणी बसवून शाळेच्या हॉलमध्ये वाजवणे. आमचा स्वतःचा बँड तयार आहे. मी बारा तारांची गिटार, मेहुणा ड्रम्स, भूगोलाचे मास्तर बेस गिटार, आणि बायको वरच्या सुराला. जागा आमच्या बेकरीमागचं पिठाचं गोदाम.

भावजी, हीच गाणी का, असं मेहुणा विचारत होता. आता याला काय सांगायचं! तीन मिनिटांचं गाणं. गिटार अशी किणकिणते की बशीत चमचे सांडावेत. शब्द ऐकले तर मुलगी सोडून गेलेली असते, पण पाय ताल धरतोच. वाजवणारी पोरं आत्ताची, पंचविशीतली, आणि सूर असा की थोरल्या काकांच्या रेडिओतून यावा. रडायचं असलं तरी उड्या मारत रडता येतं, हे मला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं.

११ फेब्रुवारी
तालमीत ट्रेबल, म्हणजे आवाजाची वरची, टोकदार बाजू, कमी पडतोय. गिटारच्या अँप्लिफायरचं ट्रेबलचं बटण सहावर होतं, आठवर नेलं. तरी किणकिण नाही, नुसती पुटपुट. कारण सापडलं: मैद्याची पोती. वरचा आवाज गिळतात. शास्त्र आहे हे.

१२ फेब्रुवारी
पोती हलवली. पाठ धरली. आवाजात फरक नाही. नव्या तारा आणणे.

२० फेब्रुवारी
ओव्हनचा टायमर मेला. दोन ट्रे टोस्टचा कोळसा. कारागीर म्हणतो, मालक, टायमर केव्हाचा ओरडत होता, माझे हात पिठात होते, तुम्ही तर शेजारीच उभे होतात. बिचारा. इतकी वर्षं ओव्हनसमोर काढल्यावर डोकं तापणारच. नवा टायमर आणला.

२८ फेब्रुवारी
नवा टायमरही मुका. आणखी एक ट्रे गेला. हल्ली माल म्हणून चांगला येतच नाही.

५ मार्च
आवडत्या बँडची नवी रेकॉर्ड आली. तीनदा ऐकली. घोर निराशा. गिटारवर रजई टाकून वाजवल्यासारखी. त्यांना मेल केला, वडीलकीच्या नात्याने: बाळांनो, वरची बाजू का कापलीत?

९ मार्च
उत्तर आलं. फार नम्र. म्हणे, या वेळी आम्ही ट्रेबल नेहमीपेक्षा वाढवलाय, कानाला टोचतं अशा तक्रारी आहेत. चक्क थापा! जरा नाव झालं की माणसं बिघडतात.

१४ मार्च
आनंदाची बातमी. कानात आपोआप किणकिण सुरू झाली आहे. गिटार खाली ठेवली तरी चालूच. दात घासताना चालू, गल्ल्यावर चालू. बायकोला सांगितलं तर तिने हातातलं काम खाली ठेवलं. डॉक्टरकडे जाऊ या म्हणाली. म्हटलं, अगं, वाद्य अंगात भिनलं की असंच होतं. कलावंताची बायको व्हायला जिगर लागते.

२२ मार्च
कटू निर्णय. बायकोचा वरचा सूर गेलाय. तोंड उघडं दिसतं, आवाज नाही. वय, दुसरं काय. हळुवारपणे सांगितलं की या वेळी तू आराम कर. ती काहीतरी बोलली, पण हल्ली ही फार पुटपुटते. मेहुणा लालबुंद. ताईचा आवाज गोदामाबाहेरही स्वच्छ ऐकू येतो म्हणे. भाऊच तो, बाजू घेणारच. दिवसभर ती माझ्याकडे पाठ करून वावरली. मला वाईट वाटलं. पण कलेत नातं आणायचं नसतं.

२ एप्रिल
ट्रेबल दहावर. बटण याच्यापुढे फिरत नाही. मास्तर कानात कापूस घालून आले. मेहुण्याच्याही कानात दिसला. विचारलं तर सर्दी म्हणे. दोघांनाही, आणि कानात! एका गाण्यानंतर मास्तर बाहेर जाऊन पायरीवर डोकं धरून बसले. सुखाने कधीकधी भोवळ येते. मागच्या गल्लीतली कुत्री तालमीच्या वेळी हल्ली फिरकत नाहीत. रसिकता कमी होत चाललीय.

९ एप्रिल
सायकलवाला अंगावर आला. गुडघा फुटला. वर तोच ओरडतो की घंटी वाजवून बोट दुखलं, काका. अरे, घंटी असती तर वाजली नसती का?

१८ एप्रिल
उद्या कार्यक्रम. किती वाजता, म्हणून मेहुण्याला फोन केला. आठ म्हणाला. खात्रीसाठी पुन्हा विचारलं. पुन्हा आठ. मी वेळेचा पक्का माणूस.

१९ एप्रिल
पावणेआठला हॉलवर पोचलो. नवा शर्ट, गिटार पुसून लख्ख. शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता.

कार्यक्रम सातला होता. मेहुणा शपथ घेऊन सांगतो की दोन्ही वेळा 'सात' म्हणालो. मी स्वतः 'आठ' ऐकलंय! त्याचा 'स' नीट उमटत नाही, लहानपणापासूनचं असणार. बायको खुर्च्या मांडायला दुपारीच गेली होती. जाताना दारातून काहीतरी म्हणाली होती, मी मान हलवली होती. मान हलवली की संसार सुरळीत चालतो. फोनवर एकोणीस मिसकॉल. रिंगटोन माझ्याच गिटारची ठेवलीय. एकदाही वाजली नाही.

शेवटी त्यांनी माझ्याशिवायच तीन गाणी केली. बायको गायली. वन्स मोअर आला. वरच्या सुराला अंगावर काटा आला हो, असं शिपाई मला सांगत होता. आता शिपायाला काय कळतं. घरी येताना मी गिटार दोनदा या हातातून त्या हातात घेतली. जड झाली होती.

२७ एप्रिल
बायकोच्या समाधानासाठी कानाची तपासणी. एकदाच, अशी अट घालून गेलो. काचेची खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा, असं तिथल्या बाईंनी अगदी समोर येऊन मोठ्याने सांगितलं. सुरुवातीला घूं घूं आवाज आले. पटापट दाबलं. एकही सोडला नाही.

मग मशीन बंद पडलं. काचेपलीकडे बाई काहीतरी फिरवत होत्या, दुरुस्ती चालली असणार. मी थांबलो. बराच वेळ थांबलो. शेवटी हेडफोन काढून दार उघडलं आणि म्हटलं, बाई, चालू करा की, मी केव्हाचा तयार बसलोय.

तपासणी संपली म्हणाल्या. शेवटचा आवाज अजून चालूच आहे म्हणाल्या, आणि माझ्या हातातल्या हेडफोनकडे बोट दाखवलं. दारात बायको उभी होती. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

मी हेडफोन परत कानाला लावला. घट्ट दाबून धरला. मग दुसऱ्या कानाला लावला. 

बायकोने जवळ येऊन माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाली. मान हलवणार होतो. हलवली नाही. ऐकू आलं नाही, असं तिला सांगितलं.