अंजूच्या आवाजातली बातमी

गोपालभाऊ,

तुमच्या यूट्यूबच्या चॅनलवर माही अंजू अजून रोज सकाळी बातम्या सांगते. तिले जाऊन दीड वर्ष झालं, पण तिचा आवाज तुम्ही कॉम्प्युटरमंधी भरून ठेवला. मी चहा ठेवता ठेवता आयकत होती.

काल मात्र तिनं तिच्याच बापाच्या मयताची बातमी सांगितली. "तांड्याचे नाईक पूनमसिंग आडे यांचे निधन." नेरच्या बाजारातले कापसाचे भाव सांगावे तशी सांगितली, अन् लगेच पुढची बातमी. माही पोरगी अशी नव्हती हो. परक्याच्या मयताची बातमी असली तरी ती वाचता वाचता मधातच थांबे. तुम्हीच तिले रागवत होते, आठवते न?

तो आवाज बंद करा, असं लिहाले बसली होती. पण आता घरात मी एकटीच आहो. तोही बंद झाला तर बोलन कोण?

हा कागद मी धाडणार नाही. धाडला असता तर एकच मागितलं असतं. तिच्या आवाजात मले एकदा 'याडी' म्हणाले लावा. आमच्या बंजाऱ्याइच्या गोरबोलीत आईले याडी म्हंतेत. तुमच्या बातम्यांत हा शब्द कधी आलाच नाही, तुमच्या कॉम्प्युटरले कुठून ठाऊक असन?

अंजूची याडी,
बसंतीबाई