एकास पन्नास

८ फेब्रु. ९९, सोम.
साहेबांनी आम्हा नऊ ड्राफ्ट्समनना केबिनमध्ये बोलावलं. ड्रॉइंग बोर्ड जाणार. ५ मार्चला प्रत्येकाने कॉम्प्युटरवर एक ड्रॉइंग काढून दाखवायचं. जमेल तो राहील. न जमेल त्याचं काय, ते साहेब बोलले नाहीत आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही. एकोणीस वर्षं टी-स्क्वेअर धरला या ठाण्याच्या ऑफिसात. हिला अजून सांगितलेलं नाही.

११ फेब्रु., गुरु.
कल्याणच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चौकशी केली. मिसरूड फुटलेला सर. "काका, बारावी लागते. निदान दहावी तरी?" नववीत शाळा सुटली हे त्याच्यासमोर सांगताना कानशिलं तापली. बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. डॉक्टरांनी बंद केलाय, तरी प्यायलो.

१४ फेब्रु., रवि.
घरी सांगितलंच शेवटी. लेक वैशाली (अकरावीला) उठली, चप्पल घातली. "चला बाबा." स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत नेलं. परदेशातल्या कुणा प्राध्यापकाने ऑफिसात येणार त्याच ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमचे धडे इंटरनेटवर ठेवलेत, चित्रांसकट, कोणालाही फुकट. फॉर्म नाही, शिक्षण किती विचारणं नाही. एकेक चित्र वरून खाली इतकं सावकाश उघडतं की जीव टांगणीला. वै. मराठीत सांगत गेली, मी वहीत उतरवत गेलो.
ही म्हणते, "फुकट का देतो तो? फुकटचं पचत नाही हो." मलाही तीच शंका.

१७ फेब्रु., बुध.
कीबोर्ड खऱ्या मापात ट्रेसिंग पेपरवर काढला, पुठ्ठ्यावर चिकटवला. वै. कमांड सांगते, मी बोटं मारतो. विठ्ठलवाडीत आमची दारं सताड उघडी, शेजारच्या वहिनी बराच वेळ बघत उभ्या होत्या. माणूस खुळावला म्हणतील. म्हणोत.

२३ फेब्रु., मंगळ.
माझ्या शेजारचा बोर्ड नाखवाचा. कोळीवाड्यातला, माझ्याच बरोबर लागलेला. डबा खाताना म्हणाला, "तू कुठं शिकतंस काय रं?"
"छे! कुठे शिकणार आता?"
मशीन चार, माणसं नऊ. त्यालाही कळतं. त्याने नेहमीसारखं सुकट माझ्या डब्यात वाढलं. लाज वाटली स्वतःची.

१ मार्च, सोम.
नवीन इंजिनियर नीलिमा, वैशालीहून थोडी मोठी. जेवणाच्या सुट्टीत तिने स्वतःच्या मशीनवर बसू दिलं. वीस मिनिटं. रेषा, वर्तुळ, पुसणं. जमलं. खरंच जमलं! नाखवा बाहेर पान खायला गेला होता म्हणून बरं.

५ मार्च, शुक्र.
पंपहाउसचा प्लॅन दिला. स्केल एकास पन्नास. पेन्सिलसुद्धा न घेता तोंडी भागाकार करत गेलो, सहा हजार मिलिमीटरचे एकशेवीस, चार हजारांचे ऐंशी. मापांचे आकडे बोर्डावर लिहितो तसे हातानेच टाइप केले. सगळ्यांत आधी मी उठलो.
नाखवाचा माउस टेबलाखाली पडला, दोनदा. अर्धी भिंत काढून बसून राहिला.

६ मार्च, शनि.
पुढचे धडे घ्यायला कॅफेत. प्राध्यापकाचं पहिलंच पान, 'सुरुवात करण्यापूर्वी', आम्ही सोडलं होतं. मीच म्हणालो होतो वै.ला, मला कसली सुरुवात शिकवतोय हा. आज तिने सहज वाचलं. कॉम्प्युटरवर सगळं खऱ्या मापातच काढायचं असतं. सहा मीटरची भिंत सहा मीटरचीच. लहान करायचं ते कागदावर छापताना.
म्हणजे माझी भिंत बारा सेंटिमीटरची. पूर्ण पंपहाउस चपलेच्या खोक्यात मावेल.
आकडे हाताने टाकलेत, म्हणून छापलेल्या कागदावर बरोबर दिसणार. मशीनवर कोणी मोजलं तर गेलो. वै. म्हणते, "कागद बरोबर आहे ना? मग गप्प बसा." ही म्हणते, "सांगून टाका." आणि दोघीही माझ्याकडे बघत बसल्या.

७ मार्च, रवि.
काही नाही. दोनदा दाढी करायला बसलो, दोनदा उठलो.

८ मार्च, सोम.
सांगायचं ठरवून गेलो. माझी प्रिंट केबिनच्या काचेवर लावलेली. नीलिमाने सांगितलेलं दिसतं. साहेब सगळ्यांसमोर, "दहावी नाही, क्लास नाही, इंटरनेटवर बघून शिकला हा माणूस!" टाळ्या. नाखवा प्रिंटकडे बघत होता, माझ्याकडे नाही. मग साहेब नाखवाकडे बोट दाखवून मला म्हणाले, "याला तुम्हीच तयार करा. शुक्रवारी पुन्हा घेतो. हाच प्लॅन, दोन्ही ड्रॉइंग मशीनवर शेजारी ठेवून बघू."
तोंड उघडलं होतं मी. टाळ्या थांबल्या तेव्हा मिटलेलं होतं.
संध्याकाळी गेटपाशी नाखवाने हात धरला. मला वाटलं, खोटं बोलल्याबद्दल शिवी घालणार. "तुज्यावर राग नाय रं. फकस्त मना तू काडलास तसाच शिकव. जरापन येगला नको."
बरोबर शिकवलं तर शुक्रवारी दोन्ही शेजारी उघडतील आणि माझं पन्नासपट लहान दिसेल. माझ्यासारखं शिकवलं तर दोघांचं सारखं दिसेल, आणि पुढे कोणी मोजलं की दोघंही गेलो.
हो म्हणालो त्याला. उद्या साडेनऊला खुर्ची ओढून शेजारी बसेल.