मशीन खोटं बोलत न्हाय

६ जानेवारी २०२५
डेअरीचा कॉम्प्युटर गेला. वीस वर्षं चालला. सकाळचं दूध घेताना मधीच अडकला म्हणून पेकाटात एक लाथ घातली. रोजच घालतो. रोज उठतो. आज धूर निघाला. लाथेचा काय संबंध न्हाय, वय झालं होतं.

बारामतीच्या डॉक्टरांनी परवाच बीपी बघून सांगितलंय, भीमराव, राग सोडा, न्हायतर एक दिवस डेअरीतनं उचलून आणावं लागंल. आजपासून राग बंद. तसा मी मुळात शांत माणूस हाय. फॅटच्या मशीनची काच दिवाळीत माझ्या मुठीनं फुटली, तो अपघात होता. तेव्हापासनं आकडा मशीनवर दिसत न्हाय, वायरीनं थेट कॉम्प्युटरवर जातो आणि चिठ्ठी निघते. उलट सोयच झाली.

नवा येईस्तोवर सगळ्यांना कालचीच फॅट धरायची ठरवली. संध्याकाळी घरच्या म्हशीची धार काढली, किटली विसळून ते पाणी दुधातच ओतलं. दूध म्हणजे लक्ष्मी, कडेला चिकटलेलं वाया घालवू नये. मग बायको राजेश्वरी किटली घेऊन डेअरीवर आली.

८ जानेवारी
चेअरमन पोपटतात्यांनी नवा कॉम्प्युटर मंजूर केला. बारामतीहून आला. काळा, चपटा, आतनं निळा उजेड मारतो. दुकानाचा इंजिनिअर ऋषिराज सोबत आला. म्हणाला, नवी विंडोज आत हायच, डेअरीचा नवा प्रोग्राम फुकट मिळतो, तासाभरात चालू करून देतो.

मी न्हाय म्हटलं. आमचा प्रोग्राम एक्सपीवर चालतो आणि एक्सपीवरच चालणार. एमएससीआयटी मी तिच्यावर केली, सर्टिफिकेट भिंतीला हाय. एक्सपी चालू केली की हिरवागार माळ दिसतो, वर आभाळ. बाया विचारतात हा कन्हेरीकडचा का कुठला. आणि जुन्या प्रोग्राममधी एफ सेव्हन दाबलं की चिठ्ठी निघायच्या आधी आकडा दुरुस्त करता येतो. आमच्या म्हशीला मशीन कायम कमी दाखवतं, तेवढं मी दुरुस्त करतो. सचिवाला तेवढा अधिकार असतो. नव्यात ती सोयच न्हाय म्हणं. अडाण्यांनी बनवलाय.

ऋषिराज म्हणाला, नव्या मशीनवर एक्सपी घालणं म्हणजे ट्रॅक्टरला जू बांधणं. त्याची कॉलर वाकडी होती, ती दोन्ही हातांनी सरळ केली. पोरगं हलकं असल्यानं जरा वर उचललं गेलं. चहा न घेताच बारामतीला गेला. राग आला नव्हता.

१० जानेवारी
एक्सपीची सीडी हाय, पण नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायला तोंडच न्हाय. जुन्याचं तोंड काढून जोडलं. स्क्रू निघंना, हातोडीनं काढला.

निळा पडदा. परत केलं. निळा पडदा. दुपारपर्यंत निळा पडदा. मग एकदाचं नीट सुरू झालं आणि म्हणतं, पुढं जायला एन्टर दाबा. दाबला. त्याला कळंना. बोटानं दाबला, अंगठ्यानं दाबला, मुठीनं दाबला. नव्या की-बोर्डची आणि एक्सपीची ओळखच न्हाय. दुधाच्या मापानं दाबला तेव्हा की-बोर्ड उडाला आणि खिडकीत डोकावणाऱ्या झुंबरच्या कानावर बसला. कान वांग्याएवढा झाला.

झुंबर म्हणजे दुधात पाणी घालण्यात वाडीत एक नंबर. तो तितं उभा का होता, हा खरा प्रश्न हाय.

१२ जानेवारी
इंदापूरला गेलो. भंगारवाल्याकडं गोल पिनेचा जुना की-बोर्ड सापडला. एका मास्तरलाही तोच पाहिजे होता. समजावून सांगितलं. ओढाओढीत तीन बटणं मास्तरच्या हातात राहिली, मास्तर गटारात राहिला. एफ सेव्हन माझ्याकडं हाय.

फॅट मशीनच्या जुन्या वायरीला नव्या कॉम्प्युटरमधी जागा न्हाय, म्हणून मधी जोडायची छोटी वायर घेतली. भंगारवाला म्हणाला, हिची गॅरंटी न्हाय. म्हटलं, माझी हाय.

१४ जानेवारी, संक्रांत, सकाळी ६
जिंकलो. एक्सपी लागली. माळ आला. पडदा रुंद असल्यानं सगळं आडवं फुगलंय, झुंबरचं नाव अर्ध्या पडद्यावर मावतं. आवाज येत न्हाय, पण दुधाला आवाज कशाला लागतो? मॉनिटरला हळदकुंकू लावलं, वर तिळगूळ ठेवला. संकल्प: आजपासून सगळ्यांशी गोड बोलायचं.

सकाळी ९
पहिला नंबर झुंबरचा. चिठ्ठीवर निव्वळ पाणी. त्यात नवल न्हाय. त्याच्या मागं माझ्या सासूबाई, धोंडाबाई. गोठा झुंबरच्या शेजारीच, त्यामुळं रोज त्याच्या मागनंच येतात. वाडीतलं सगळ्यात दाट दूध त्यांचं, असा लोकांचा समज हाय. चिठ्ठीवर फॅट निघाली दोन पॉइंट चार. त्यांच्या मागं राजेश्वरी, आमची किटली घेऊन. आठ पॉइंट दोन! एफ सेव्हनला हात लावावा लागला न्हाय. पेंड बदलली त्याचा गुण.

संकल्पाप्रमाणं सगळ्या लायनीसमोर गोड आवाजात सासूबाईंना म्हटलं, "मामी, पाणी कमी घालत जावा."

त्यांनी माझा तिळगूळ घेतला न्हाय.

१६ जानेवारी
परत तेच. त्यांना दोन, आम्हाला आठ. सासूबाई म्हणाल्या, नवऱ्याच्या मागं सगळा संसार म्हशीवर ओढला, पण दुधात थेंबभर पाणी घातलं न्हाय, तुझं मशीन तपास. मी म्हटलं मशीन खोटं बोलत न्हाय, माणूस बोलतो.

त्यांनी लिटरचं माप उचललं आणि माझ्या टाळक्यात घातलं. तीन टाके पडले. पण मी म्हातारीवर हात उचलला न्हाय. उचलायच्या आधीच खाली पडलो होतो.

राजेश्वरी माहेरी गेली. माहेर तीन घरं पलीकडं. जाताना सांगून गेली, आईला सगळ्या लायनीसमोर बोललात, आता सगळ्या लायनीसमोर म्हणा की पाणी नव्हतं, तोवर मी उंबरा चढणार न्हाय. म्हटलं, बस वाट बघत. दोन दिवसांत येईल. माझ्याशिवाय तिला करमत न्हाय.

१९ जानेवारी
आली न्हाय. तिच्या माहेरातनं मायलेकींच्या हसण्याचा आवाज येतो. नाटक हाय. कुकरचं झाकण निघंना म्हणून भिंतीवर आपटला. निघालं. भात भिंतीवरनं काढून खाल्ला.

धार काढली. किटली विसळली, बादली विसळली, चरवी विसळली, सगळं दुधात. घरात बाईमाणूस नसताना माणसानं काटकसर करावी. किटली स्वतः नेऊन सासूबाईंच्या मागं लावली. आठ पॉइंट एक. त्या रोज येतात, रोज दोन फॅट घेतात आणि माझ्याकडं बघत राहतात. मी पण बघतो. पापणी पहिल्यांदा माझी लवते, पण ते टाक्यांमुळं.

ऋषिराजचा फोन आला. तात्यांनी त्याला विचारलं म्हणं. त्याचं म्हणणं, त्या भंगारातल्या वायरीचं एक्सपीशी जमत न्हाय, एकाचा आकडा वायरीत अडकून राहतो आणि पुढच्याच्या चिठ्ठीवर निघतो. सगळ्यात पहिल्याला मशीन धुतलेल्या पाण्याचा आकडा जातो. आकडा काय भाकरीचा घास हाय, अडकायला? फोन फरशीवर आपटला. फोन माझाच होता.

२२ जानेवारी
डेअरीला शिस्त लागली. एवढी वर्षं जमलं न्हाय ते एक्सपीनं आठवड्यात केलं. पहिला नंबर कुणीच घेत न्हाय. आधी तुमी, न्हाय तुमी, तुमी वडीलधारे. आणि सासूबाईंच्या मागं उभं राहायला ही झुंबड. त्या पुढं सरकल्या की लाइन पुढं, त्या तंबाखू थुंकायला बाजूला गेल्या की लाइन बाजूला. झुंबर तर पहाटेपासनं त्यांच्या दारात बसलेला असतो. विधवा बाईला एवढा मान या वाडीत कधी मिळाला नव्हता. मला जरा भरून आलं.

२६ जानेवारी
झेंडावंदन शांततेत झालं. नंतर डेअरीवर चौघांनी झुंबरला धरून पहिल्या नंबरात उभा केला. त्यानं कॅन गरागरा फिरवला. एकाचा दात गेला, एकाचं मनगट. सासूबाईंच्या मागच्या जागेवरनं दोन सख्खे भाऊ झाकणांनी एकमेकांना बडवत होते, रक्तात दूध का दुधात रक्त कळंना. कुणीतरी कुणाच्या तरी दंडाला चावलं. पायरीवरनं दूध वाहत शाळेच्या फाटकापर्यंत गेलं.

मी शांतता राखायला स्टूल उचललं. स्टुलाला चार पाय, चौघांना लागले. पोपटतात्यांच्या कमरेत बसला तो पाचवा, माझा. त्यांनी तितंच पडल्या पडल्या जाहीर केलं की पुढच्या रविवारी सभा, मशीनची सगळ्यांसमोर परीक्षा.

झालं ते बरं झालं. मशीन पास होणार. सासूबाई पदर तोंडावर घेणार. राजेश्वरी रडत घरी येणार. मी लगेच माफ करणार न्हाय. जेवण होईस्तोवर तरी थांबवणार.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी, दवाखान्यातनं
अख्खी वाडी जमली होती. राजेश्वरी दोन किटल्या घेऊन आली. एकीत आईचं दूध. दुसरी तिनं सगळ्यांदेखत डेअरीच्या बोअरच्या पाण्यानं भरली. आधी आईचं दूध मशीनला लावलं. चिठ्ठी निघाली, निव्वळ पाणी. मी टाळ्या वाजवल्या. मग तिनं पाणी लावलं. चिठ्ठी निघाली, आठ पॉइंट तीन.

तात्यांनी मला विचारलं, सचिव, हे काय? उत्तर देणं भाग होतं. म्हटलं, आपल्या वाडीचं पाणी चांगलं हाय.

तितनं पुढचं सलग आठवत न्हाय. झुंबरनं इंदापूरचा की-बोर्ड माझ्या कानावर फोडला. भाऊ भाऊ परत एकत्र आले आणि दोघांनी मिळून मला हाणलं. सासूबाईंनी नवा कॉम्प्युटर वायरींसकट उपसला आणि कॅन धुवायच्या हौदात बुडवला. बुडबुडे आले. एक्सपी आत होती, मी मागनं उडी घेतली. हौदात पाणी गुडघ्याएवढंच होतं. जुने टाके उसवले, नवीन पडले. डॉक्टरांनी बीपी मोजलं आणि आकडा मला सांगितला न्हाय.

५ फेब्रुवारी
तात्या घरी येऊन गेले, काठी टेकत. म्हणाले तुमाला विश्रांतीची गरज हाय. म्हणजे सचिवपद गेलं. माझ्या जागी राजेश्वरी. ऋषिराजनं दुसरा कॉम्प्युटर आणला, नवी विंडोज, नवा प्रोग्राम, नवी वायर, खरंच तासाभरात चालू केला म्हणं. माळ न्हाय, एफ सेव्हन न्हाय. आठवड्यात बंद पडंल. हात जोडत येतील. मी लगेच जाणार न्हाय.

९ फेब्रुवारी
बंद पडला न्हाय. सासूबाईंना रोज आठच्या वर.

घर खायला उठतंय. म्हैस पण पान्हा चोरायला लागली, माझ्या हाताला सोडंना. दोन दिवसांत येईल म्हटलं होतं मी. तिला करमतंय. मला करमत न्हाय, हे आज लिहून ठेवतो, कुणी वाचणार न्हाय म्हणून.

उद्या लायनीसमोर म्हणणार. आरशासमोर म्हणून बघितलं. ‘मामीं’च्या पुढं सरकंना, संताप आला. आरसा फोडला न्हाय.

१० फेब्रुवारी
सवयीप्रमाणं किटली, बादली, चरवी सगळं विसळून दुधात घेतलं आणि डेअरीवर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिलो. पहिला नंबर लावला. मग लायनीकडं तोंड करून मोठ्यांदा म्हटलं, मामींच्या दुधात कधीच पाणी नव्हतं, वायर खोटी होती आणि बोललो मी.

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. या खेपेला पापणी त्यांची लवली. मला वाटलं जिंकलो.

राजेश्वरीनं माझं दूध मशीनला लावलं. आकडा बघितला. माझं बोट आपोआप एफ सेव्हनकडं गेलं, पण मधी खिडकीचे गज होते. तिनं चिठ्ठी बाहेर सरकवली आणि सगळ्या लायनीसमोर गोड आवाजात म्हणाली, "पाणी कमी घालत जावा."

लाइन खदाखदा हसली. मागनं झुंबर म्हणाला मशीन खोटं बोलत न्हाय. मूठ वळली. त्या मुठीत चिठ्ठी होती. दोन पॉइंट एक.

पुढच्याचं दूध घेता घेता राजेश्वरीनं सांगितलं, संध्याकाळी घरी येतीय, आजपासनं धार मी काढणार, तुमी शेण काढा.

घरी आलो. किटली विसळली. पाणी मोरीत ओतलं.