थंड इंजिन

रविवार, १६ फेब्रुवारी. संध्याकाळ.

आज आठ महिन्यांनी सुधीरची लाल स्पोर्ट्स कार सुरू झाली. गॅरेजवाल्या सलीम भियानं प्लगच्या भोकांतून तेल सोडलं, तेव्हा कुठे धूर ओकत उठली. म्हणाला, "भाभीजी, ये रोटरी इंजिन है. किसी ने ठंडा ही बंद कर दिया होगा. पेट्रोल ने अंदर का तेल धो डाला."

किसी ने! मीच तर. त्या सकाळी अ‍ॅम्ब्युलन्सला फाटकातून आत येता येईना, म्हणून मी गाडी जेमतेम दहा पावलं बाहेर काढली आणि लगेच बंद केली. सुधीर ओट्यावर छाती धरून बसला होता. तरी म्हणाला, "अगं, गरम होऊ दे, मग बंद कर."

मी ओरडले, "आत्ता गाडीचं पडलंय तुला?"

त्यानंतर तो बोललाच नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं सगळं. रागावला होता का? की ताकदच नव्हती उरली?

आज राहवलं नाही. सलीमला सांगून टाकलं, की मीच बंद केली होती. तो हात पुसत सहज म्हणाला, "दो मिनट रुक जातीं, बस."

तो गाडीबद्दलच बोलत होता. कळतंय मला. तरी अजून ओट्यावरच बसलेय, आत जाववत नाही.