चौदा वेढे आणि लेणीचा चढ

४ नोव्हें., मंगळ.
चाचणी नापास. सायकलला बसवलेली मोटर सुरू करताच किंकाळी, चेन उतरली, शेजारचे गॅलरीत जमा. सपाट रस्त्यावर ही गत.

दोष मोटरचा नाही. मुलाच्या, मिलिंदच्या, कॉलेजातल्या खेळण्यातल्या विमानाची ती. पंखा फिरवायला केलेली. चोवीस व्होल्टवर मिनिटाला साडेसहा हजार फेरे. सायकलच्या चाकाला सव्वाशे पुरतात. बेल्ट-चेनने पंचवीसपट कमी होतात. अजून निम्मे करायचे. ते मोटरच्या आतच करावे लागेल.

डॉ. म्हणाले, सपाटीवर सायकल चालवा, चढावर गुडघ्याला ताण नको. अभ्यासिका नेमकी लेणीच्या चढावर. आठवड्यातून तीन दिवस, अकरा मुली, गणित-विज्ञान. तयार बॅटरीची सायकल पाहून आले, फार जड. दोन पायऱ्या चढवून व्हरांड्यात घेणं माझ्याच्यानं होणार नाही.

पुण्याहून मिलिंदचा फोन. "आई, रिक्षाने जा ना. कुणाला काय दाखवायचंय?" म्हटलं, १६ला ये, तुला दाखवायचंय. मोटरवर चढ नाही चढली तर सायकल मुलींना देऊन टाकते आणि रिक्षाने जाते. अडतीस वर्षांची सायकल. बोलले म्हणजे बोलले.

५ नोव्हें., बुध.
शहागंज. रशीदचं वाइंडिंगचं, मोटरीत तार भरायचं दुकान. माझा विद्यार्थी, दहावी ब, मागचा बाक. मला पाहून अजूनही हातातलं खाली ठेवून उभा राहतो.

"बाई, मैं बोरवेलच्या मोटरी भरतो. हे तर पेरूएवढं है."
"पेरू तर पेरू. भरशील का नाही?"
"तुम्हाला नाय म्हणायची हिंमत कुणाची."

जुनी तार कापण्याआधी मोजली: आतल्या लोखंडी गाभ्याच्या दर दाताला सात वेढे. आता बारीक तारेचे चौदा. वेढे दुप्पट, वेग निम्मा, ओढ जास्त.

दुकानाची एक पद्धत आवडली. एका गिऱ्हाइकाचे सगळे भाग एका ट्रेमध्ये, नावाच्या चिठ्ठीसकट. काम होईपर्यंत स्क्रूसुद्धा ट्रेबाहेर जात नाही. तसं सांगितलं. रशीद खूश.

८ नोव्हें., शनि.
वेढे भरून झाले. वॉर्निश लावलं, सुकवायला भट्टीत. ट्रे आत सरकवला तेव्हा मी शेजारीच उभी होते. काम स्वच्छ. एरवी या शहरात

(दूधवाला आला, राहिलं.)

९ नोव्हें., रवि.
मोटर जोडली. हिशोबाने सव्वातीन हजार यायला हवे. रशीदकडून आणलेल्या फेरे मोजायच्या यंत्रावर आले चव्वेचाळीसशे. आणि ओढ नाहीच. चाक नुसतं हाताने धरलं तर मोटर बंद.

रशीदला फोन. "चौदा भरलेस की दहा?"
"बाई, कसम से चौदा."
"कसम नको. मोजून दाखव."
पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज. मग, "या उद्या."

सात दिवस उरले.

१० नोव्हें., सोम.
रशीदने माझ्यासमोर मोटर उघडली. सुईने एकेक वेढा सरकवत मोजले. बाराही दातांवर चौदा. सुई खाली ठेवली. 

वरचं चुंबकांचं कडं बाजूला ठेवताना त्याला पाना लागला आणि गळून पडला. गळून पडला! याच कड्याने गेल्या महिन्यात माझ्या हातातला पाना हिसकावून घेतला होता, बोट चेमटलं होतं.

कडं ट्रेमध्ये होतं. ट्रे भट्टीत गेला. पंपाच्या मोटरीत चुंबक नसतात, त्यांना भट्टीने काही होत नाही. चुंबक अशक्त झाले की मोटर जोरात पळते आणि ओढत मात्र नाही.

रशीदच्याही लक्षात आलं. "बाई, परीक्षेत आला होता ना? चुंबकत्व कशाने कमी होतं?"
"आपटल्याने आणि तापवल्याने."
"मैं फक्त आपटल्याने लिखा था. तुम्ही अर्धा मार्क कापला."

एकतीस वर्षं शिकवलं. आणि भट्टीशेजारी उभी राहून ट्रेचं कौतुक करत होते.

म्हटलं, तुझे चौदा बरोबर. चूक माझी, आणि फोनवर बोलले तेही चूक. त्याला कुठं बघावं कळेना. चहा मागवला. साखर जास्त होती, प्याले.

११ नोव्हें., मंगळ.
विमानाला दोन मोटरी होत्या. दुसरी मिलिंदच्या कपाटात. 'तिला हात लावू नकोस' असं बजावून ठेवलेलं. तिचं कडं हवं. फोन केला, सगळं सांगितलं.

मि. बराच वेळ हसला. "चुंबक? तू? थांब, मला बसू दे." मग आवाज बदलला. "घे. पण हे शेवटचं, आई. बाजारात आता मिळत नाही तसलं."
"रविवार पक्का?"
"तारीख तू ठरवलीस. मी नाही."

१३ नोव्हें., गुरु.
नवं कडं, जुने चौदा वेढे. बत्तीसशे पन्नास! वहीत दोनदा लिहिलं.

सपाटीवर उत्तम. रशीद स्वतः एक फेरी मारून आला. "बाई, रॉकेट है." मग गंभीर. "चढावर तापेल. मोटरवर हात ठेवायचा, दस गिनायचे. दसपर्यंत हात टिकला तर चलने दो. नाय टिकला तर रोको. नाही तो हे कडं पण गया."

त्याच्याकडून शिकायची वेळ आली. शिकले.

१६ नोव्हें., रवि.
ही नोंद लेणीच्या चढावर, रस्त्याकडेच्या दगडावर बसून.

अर्धा चढ झकास. मि. शेजारून चालत होता, मग पळत. पुढे वेग उतरला. तापल्या वॉर्निशचा वास आला. अभ्यासिकेचं फाटक दिसतंय, शंभर पावलं असतील. मुली फाटकात उभ्या, आरडाओरडा. मि.च ओरडला, "आई, रेट की! राहिलंय किती!"

चढली असती. कदाचित. थांबवली.

हात ठेवला. तीन म्हणेपर्यंत काढावा लागला.

"हरलीस का?"
"थांबलेय. चढ एका दमात चढायचा असं कुठं ठरलं होतं?"

तो शेजारी बसला. बॅगेतलं पाणी दिलं. स्वतः हात ठेवून पाहिला. "पाच." थोड्या वेळाने, "वेढे किती भरलेत?"
"चौदा."
"सोळा भरायला हवे होते."

चार नोव्हेंबरपासूनचं त्याचं हे पहिलं कामाचं वाक्य.

उभ्या चढावर मधूनच मोटर उचलेल का, माहीत नाही. पायाने जोर द्यायचा नाही. मि.ला ढकलू द्यायचं नाही, तसं सांगितलंय.

आत्ता सात.
दहा झाले की निघते.