एरियलची गाठ

५ मे १९७४, सकाळ
लेकीचं, अरुंधतीचं पत्र. रविवारी १९ तारखेला संध्याकाळी सात वाजता नागपूर केंद्रावर तिचं भाषण. विषय: तिचे बाबा. फेब्रुवारीत माहेरी आली तेव्हाच रेकॉर्ड करून गेली, मला एक शब्द सांगितला नाही. बाबांच्याच रेडिओवर ऐक म्हणते, आधी काही विचारायचं नाही.
रेडिओ ठणठणीत आहे. तो तसाच राहील. माझी जबाबदारी.

७ मे, दुपार
आभाळ तांबूस. चिमण्या गप्प. पंखा एकदम सुसाट सुटला, मग मरगळला. रेडिओचा प्लग काढला. घाबरले मुळीच नाही. शाळेत सिस्टर फिलोमिनांनी विजेचा धडा इतका सुंदर शिकवला होता की तेव्हापासून वीज हा माझा विषय आहे. मार्क कमी पडले, पण पेपर कठीण होता.
ह्यांची आठवण झाली. असे ढग आले की उठायचे आणि रेडिओमागच्या खिडकीशी पाठमोरे उभे राहायचे. मी ओरडायची, पुन्हा सिगरेट! हे नुसते हसायचे.

९ मे
चंपतरावांच्या कडुनिंबावर वीज पडली. पाऊस नाही, वारा नाही, नुसती वीज. खोड वरपासून खालपर्यंत सोललेलं. आमच्यापासून चार घरं.
नियम लिहून भिंतीवर चिकटवले. ढग दिसताच प्लग काढणे. मेन स्विच बंद. सेटवर क्रोशाचं कव्हर. टेबलाच्या चारी पायांखाली रबर. रबरासाठी ह्यांच्या बाथरूमच्या चपला कापल्या. कापायला वेळ लागला. टाचांचे ठसे आहेत अजून.

११ मे
रुपराव वायरमनला माझी व्यवस्था दाखवली. रबर बघून हसला. म्हणे, बाई, हे सारं राहू द्या, ढग आले का पहिले एरियल काढत जा. गच्चीवरून थेट सेटात तार आणली, इजेले जेवाले पाट मांडून ठेवला तुमी!
त्याला सांगितलं, तीस वर्षं तारखात्यात काढलेल्या माणसाने बांधलेली गाठ आहे ती. नोव्हेंबरात गेले, त्याच्या दोन दिवस आधी तार बदलून नव्याने बांधली. तिला कोणी हात लावायचा नाही. तर म्हणे, सायब असते तं त्यायनंच काढली असती.
उद्धट. पुढच्या वेळी दुसरा वायरमन.

१३ मे
शेजारच्या सिंधूताई म्हणतात, आमच्या इथं या ना वं ताई आयकाले, ट्रान्झिस्टरले सेल लागतात, इजेची भानगडच नाही. गोड बोलून नाही म्हटलं. डब्यात माशी कोंडल्यासारखा तो आवाज. त्यातून माझ्या मुलीने बापाविषयी बोलावं?

१६ मे
एकही ढग नाही. कावळेसुद्धा नाहीत. इतकी शांतता बरी नव्हे. मेन बंद करण्याचा तीनदा सराव केला. तिसऱ्यांदा स्टुलावरून पडले. गुडघा सुजला, पण हात बसला.

१९ मे, दुपारी चार
पश्चिमेकडून काळंभोर येतं आहे. दिवा लावावा इतका अंधार. मेन बंद. प्लग काढला. कव्हर घातलं. रबर जागेवर. गाठीवरून एकदा बोट फिरवलं. घट्ट आहे. ह्यांना अभिमान वाटला असता.

पावणेपाच
एकच लखलखाट. रेडिओच्या पाठीतून निळी जीभ निघाली. जळका वास. क्रोशाच्या गुलाबाला भोक. प्लग माझ्या हातातच होता.

२० मे, सकाळ
काल सात वाजता सिंधूताईंकडे गेले. काही न विचारता त्यांनी पाट दिला.
अरुंधती छान बोलली. म्हणाली, ढग आले की बाबा गुपचूप रेडिओमागे जायचे, एरियलची गाठ सोडायचे आणि तार खिडकीबाहेरच्या, जमिनीत पुरलेल्या नळीला अडकवायचे. ढग गेले की पुन्हा बांधायचे. आईला वाटायचं, सिगरेट ओढतात. मला म्हणायचे, तिला सांगू नकोस हं, विजेला फार घाबरते ती.
त्यापुढचं नीट ऐकू आलं नाही. सेल उतरले असावेत. सिंधूताईंना तसं म्हटलं, तर त्यांनी आपला पदर माझ्यापुढे केला. म्हणाल्या, काहून वं ताई, सकाळीच तं नवे टाकले.